अटकेतील आरोपीची वैद्यकीय तपासणी : हक्क आणि त्याची मर्यादा

अटकेतील मनुष्याच्या शरीरावरील खुणा हा नाशवंत पुरावा होय. वळ फिका पडतो, सूज उतरते. आणि मारहाण सिद्ध करण्याची वेळ येते तेव्हा शरीरावर काहीच उरलेले नसते. या अवधीत आरोपी पोलिसांच्याच ताब्यात असल्यामुळे तो पुरावा स्वतः जतन करणे त्याला अशक्य असते. वैद्यकीय तपासणीच्या हक्काचे मूळ या विषमतेत आहे.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोन प्रकारच्या तपासण्या मानल्या. कलम ५३ अन्वये होणारी तपासणी पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून व आरोपीविरुद्धच्या पुराव्यासाठी. कलम ५४ अन्वये होणारी आरोपीच्या विनंतीवरून व त्याच्या बचावासाठी, किंवा त्याच्या शरीराविरुद्ध घडलेला गुन्हा उघड करण्यासाठी. परंतु ज्याला हक्काची माहितीच नाही, तो विनंती करणार कशी? मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या छळाविषयी शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ही उणीव अंशतः दूर केली. छळाची तक्रार आहे काय, हे दंडाधिकाऱ्याने आरोपीस विचारावे आणि कलम ५४ खालील हक्क त्यास सांगावा, असा निर्देश न्यायालयाने दिला.

२००८ च्या दुरुस्तीने, ३१ डिसेंबर २००९ पासून, ही तपासणी विनंतीवर अवलंबून राहिली नाही. अटकेनंतर ती लवकर व्हावी, जखमा आणि त्या होण्याची अंदाजे वेळ यांची नोंद व्हावी, व अहवालाची प्रत आरोपीस मिळावी, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये हीच व्यवस्था आहे.

तथापि तपासणी अनिवार्य झाली म्हणून ती स्वतंत्र झाली, असे म्हणता येत नाही. तपासणारा प्रथमतः शासकीय वैद्यकीय अधिकारी असतो. तो उपलब्ध नसेल तरच अन्य नोंदणीकृत वैद्याची पाळी येते. आणखी एक तपासणी आवश्यक आहे काय, हे नव्या संहितेनुसार वैद्य ठरवितो, आरोपी नव्हे.

मानसिक अवस्थेच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. ओक्लाहोमा राज्यातील एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असे ठरविले की, गुन्ह्याच्या वेळची मनोवस्था हा महत्त्वाचा प्रश्न असेल, तर निर्धन आरोपीस बचावाच्या तयारीत व मांडणीत साहाय्य करणारा मनोविकारतज्ज्ञ राज्याने उपलब्ध करून दिला पाहिजे. तेथे हक्क तज्ज्ञाच्या साहाय्याचा आहे. भारतीय कलम ५३ मधील हक्क तपासणीचा व नोंदीचा आहे. नोंद छळाचा पुरावा टिकविते. तिला आव्हान देण्याचे साधन मात्र ती देत नाही.