जुन्या वस्तीची डागडुजी कोणी करावी?



एखादी वस्ती उतरणीला लागली असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे वाळवी लागलेल्या तुळया आणि सज्जाला दिलेले टेकू उभे राहतात. माझ्या मते वाळवी हे लक्षण आहे. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावा हे कायद्याने नीट ठरवले नाही, तर सागवानही टिकत नाही. उदाहरण घेतो ते मुंबईतील गिरगावचे. बडोद्यातील कित्येक मराठी कुटुंबांचे आप्त तेथील चाळींत राहिलेले असल्याने ते आपणांस परके वाटू नये.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. त्या आधाराने कारकून, शिक्षक, गिरणी कामगार यांना मुंबईत पाय रोवता आला, हे विसरून चालणार नाही. परंतु लाकडाचा भाव आणि गवंड्याची मजुरी काही १९४० मध्ये थांबली नाही. आलेल्या भाड्यात मालकाला जिना दुरुस्त करणे परवडेना, आणि भिंत मालकाची म्हणून भाडेकरू तिला हात लावीना. खोली हस्तांतरित होताना पागडीचे पैसे मात्र मोजले जात. त्या रकमेतून एक वीटही बसत नसे, ही या व्यवस्थेची खरी विटंबना होय.

यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. शहर बेटावरील १९,६४२ इमारतींवर उपकर बसला. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. सर्वांकडून थोडे थोडे घ्यावे आणि जेथे तुळई खचली तेथे खर्चावे, हे तत्त्व मला आजही उत्तम वाटते. पण दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा होती. अंदाज तिच्यापलीकडे गेला की रहिवाशांची रवानगी संक्रमण शिबिरात व्हायची. तेथे कित्येकांची मुले मोठी होऊन संसाराला लागली, तरी मूळ जागी घर उभे राहिले नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने निराळी वाट धरली. जुन्या रहिवाशांना नवी घरे विनामूल्य द्यावीत आणि वाढीव चटईक्षेत्राची घरे विकून विकासकाने खर्च व नफा काढावा, अशी ही योजना. सरकारी तिजोरीतून काही जात नाही, म्हणून ती राज्यकर्त्यांना प्रिय. मात्र तिचे गणित जमिनीच्या भावावर चालते. मोठा भूखंड व रुंद रस्ता असेल तेथे मनोरा उभा राहतो. बोळातल्या लहान भूखंडाकडे कोणी फिरकत नाही. मनोऱ्यात गेलेल्या कुटुंबालाही उद्वाहन, पंप, पहारेकरी यांचा मासिक आकार जुन्या भाड्याच्या कितीतरी पटींनी भरावा लागतो. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धाने तो कोठून आणावा?

गोठवलेले भाडे कालबाह्य झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सुनावले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. वीस रुपये भाड्यावर ही वाढ होते ऐंशी पैसे! पागडीला त्याच कायद्याने मान्यता दिली, पण तिच्यातला एखादा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढण्याचे बंधन घातले नाही. ती संधी वाया गेली.

विलंबाची किंमत माणसे मोजतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक लोक मरण पावले. ती पुनर्विकासाच्या योजनेत होती. बरीच कुटुंबे हलली होती, काही मागे राहिली होती.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, भाडे रहिवाशाच्या ऐपतीप्रमाणे वाढू द्यावे, वाढीचा ठरावीक भाग त्याच इमारतीच्या दुरुस्ती खात्यात जमा व्हावा, आणि ज्याला वाढ झेपत नाही त्याची तूट महापालिकेने भरावी. सुरुवात करायची तर ती बोळातल्या लहान भूखंडांपासून, ज्यांच्याकडे विकासक येणार नाही हे आज निश्चित सांगता येते.