जुन्या नोटेची पारख

चलनातून परतलेली नोट रद्द करून नष्ट करावी, हाच सरकारी खजिन्याचा दंडक असल्यामुळे, कोणतीही जुनी नोट आज आपल्या हाती येते ती त्या दंडकाला अपवाद म्हणूनच. आणि म्हणून तिचे मोल ठरवू पाहणाऱ्याने ती किती जुनी आहे, यापेक्षा ती कशी वाचली, हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागापुरता हा प्रश्न पाहू. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झाला; त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजी अमदानीत, हा सारा मुलूख खानदेशात मोडत असे आणि चलनाच्या दृष्टीने तो मुंबईच्या चलन-मंडलाच्या छायेत होता. १८६१च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतल्यानंतर, एकाच बाजूस छापलेल्या त्या मोठ्या नोटा टपालाने पाठवताना व्यापारी त्या मधोमध कापीत, एक अर्धुक आधी रवाना करीत आणि ते पोहोचल्याची वर्दी आल्यावरच दुसरे धाडीत. अशी सांधलेली नोट खानदेशातल्या एखाद्या कापूस-पेढीच्या दप्तरात मिळाली, तर दोन्ही अर्धुकांवरील क्रमांक आकड्याआकड्याने ताडून पाहावेत, मग ती उजेडासमोर धरून जलचिन्ह सांध्यापलीकडे नीट चालू राहते की नाही ते न्याहाळावे, आणि पाठीवरील पेढ्यांचे शिक्के व सह्या भिंगाखाली सावकाश वाचाव्यात. सांध्यापायी किंमत पाडणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला मात्र तो सांधा त्या नोटेच्या प्रवासाचा अस्सल दाखला वाटतो.

पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१७च्या अखेरीस एक रुपयाची आणि १९१८च्या आरंभी अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची, नोट निघाली. या दुसऱ्या नोटेवर मंडलाचे आद्याक्षर असे; मुंबईसाठी ‘बी’. १९२६ साली ती चलनातून काढून घेतली गेली आणि एवढ्या अल्प आयुष्यामुळे ती आज दुर्मिळ ठरली. सातपुड्यातील भिल्ल-पावरा घरांत चांदीचा बंदा रुपया गळ्यातल्या माळेत ओवला जाई, म्हणून तो टिकला. कागद कोण ओवणार?

प्राचीनत्व पुरेसे नसते, याचे उत्तम उदाहरण १९४३ची दोन रुपयांची नोट आहे. रिझर्व्ह बँकेच्या स्वतःच्या नोटा १९३८ पासून निघाल्या. त्यांवर प्रथम जेम्स टेलर यांची आणि १९४३ पासून पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची सही आली. देशमुखांच्या सहीच्या त्या दोन रुपयांच्या नोटेवर क्रमांक काळ्या शाईत असेल तर ती साधारण, तांबड्या शाईत असेल तर पुष्कळच विरळ. नोटेवरचा राजा तोच, कागद तोच, सहीही तीच. उलट ७८६ सारख्या क्रमांकाच्या नोटेला मिळणारा भाव श्रद्धेचा आणि हौसेचा असतो, दुर्मिळतेचा नव्हे.

यानंतर अवस्थेचा विचार. गड्ड्यांना पिना टोचण्याची आपल्या बँकांची रीत २००१ साली रिझर्व्ह बँकेने बंद करायला लावली. त्यामुळे त्याआधीच्या कोऱ्या करकरीत नोटेलाही डावीकडे दोन छिद्रे असणे स्वाभाविक आहे, तो दोष समजू नये. मात्र धुऊन इस्त्री केलेली नोट फसवी असते: घड्या नाहीशा दिसतात, पण छपाईचा हाताला लागणारा उठाव बसलेला असतो आणि कागदाची करकर गेलेली असते.

बाजारभावाविषयी एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कर वा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहण्यास त्या बँकेने २०२१ साली जाहीरपणे सांगितले आहे. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे व हजारांच्या नोटा तर २०१७च्या कायद्यान्वये कोणीही एकूण दहापेक्षा अधिक बाळगू शकत नाही. अभ्यास, संशोधन वा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. नोट विकायचीच असेल, तर ती कोणत्या घराच्या, कोणत्या साली मांडलेल्या वहीत मिळाली, याची नोंद तिच्यासोबत घेणाऱ्याला लेखी द्यावी.