मध्यरेषेवरचे दगड

इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याची सावली आखडत जाताना पाहत उभ्या राहिलेल्या मनुष्याला, आपले पाय भारतीय ज्योतिषाच्या मध्यरेषेवर, म्हणजे ज्या रेषेपासून सिद्धान्तकारांनी देशोदेशीचे रेखांश मोजले त्या उज्जयिनीच्या याम्योत्तरावर, जवळजवळ टेकलेले आहेत, याची कल्पना सहसा नसते. राजवाडा आणि उज्जैनची वेधशाळा यांच्या रेखांशांत अवघ्या पाच कलांचा फरक. येथे मध्यान्ह झाली की वीसएक सेकंदांनी तेथे होते. दक्षिणोत्तर अंतर मात्र अक्षांशांत मोजले तर अर्ध्या अंशाच्या जवळ जाते, आणि दगडाने आकाश मोजू पाहणाऱ्याची खरी परीक्षा त्या अर्ध्या अंशातच होते.

मार्चच्या २० तारखेला, विषुवदिनी, सकाळच्या बसने उज्जैन गाठले. क्षिप्रेच्या बाजूला जयसिंगपुऱ्यात ही वेधशाळा आहे. ती बांधणारा सवाई जयसिंग त्या वेळी बादशहाच्या सनदेने माळव्याचा सुभेदार होता, आणि दिल्ली, जयपूर, मथुरा व काशी येथेही त्याने अशीच चुनेगच्ची यंत्रे उभारली. त्यांपैकी मथुरेची आता उरलेली नाहीत. पुढे माळव्याचा मुलूख मराठ्यांच्या अंमलाखाली आला, उज्जैन शिंद्यांकडे गेले, इंदुरात मल्हारराव होळकरांचा वाडा उठला. १८०१ साली शिंद्यांच्याच फौजेने हा राजवाडा जाळला, आणि त्याच शिंद्यांच्या घराण्यातील माधवरावांनी १९२३ मध्ये पडझड झालेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला. इतिहासाच्या दफ्तरात दोन्ही नोंदी सारख्याच शाईने लिहिलेल्या असतात. जीर्णोद्धारानंतरचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे गणिती मराठीच होते.

सम्राट यंत्र म्हणजे एक प्रचंड काटकोन त्रिकोणी भिंत, जिचा तिरकस कर्ण क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २३ अंश १० कलांचा, कोन करून ध्रुवाकडे रोखलेला आहे, आणि जिच्या दोन्ही बाजूंच्या चापांवर सावली सकाळी पश्चिमेकडून उतरत येऊन दुपारनंतर पूर्वेकडे चढत जाते. चापावरच्या खुणांशी डोळे नेऊन पाहिले तेव्हा प्रथम निराशाच झाली, कारण सावलीला कडा म्हणून नव्हतीच. काळोखातून उजेडात विरघळत जाणारा बोटभर रुंदीचा राखी पट्टा तेवढा होता. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे, आणि स्वतःच्या रुंदीइतके सरकायला त्याला दोन मिनिटे लागतात, तेवढी धूसरता या पट्ट्यात उतरते. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांनी खराट्याची काडी चापाच्या अगदी जवळ धरली. तिची बारीक सावली भिंतीच्या सावलीत जेथे बुडाली तेथील खूण वाचायची, असे त्यांनी मला दाखवून दिले. यंत्रावर मध्यान्ह झाली तेव्हा माझ्या मनगटावर १२ वाजून ३४ मिनिटे झाली होती. त्यांपैकी २७ मिनिटे उज्जैन भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेस असल्याची, आणि उरलेली सात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची व कललेल्या आसाची. दुरुस्तीचा तक्ता यंत्रापाशी लावलेलाच आहे.

तेथल्याच, विषुववृत्ताला समांतर बसविलेल्या नाडीवलय यंत्राची उत्तरेकडची तबकडी सहा महिने उन्हात आणि दक्षिणेकडची सहा महिने सावलीत, मग उलट. त्या दिवशी दोहींवरून ऊन केवळ घासून जात होते. शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटाच्या, सावलीचे टोक इतर दिवशी वक्ररेषेत फिरते, ते आज पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ रेषेत चालले होते. उज्जैन कर्कवृत्तावर वसले आहे असे आपल्याकडे सरसकट सांगतात. वास्तविक ते वृत्त आज तेथून पाव अंश उत्तरेस असून दरसाल सुमारे १५ मीटर दक्षिणेस सरकत आहे, तेव्हा ही समजूत खरी ठरायला अजून दोनएक हजार वर्षे थांबावे लागेल.

हाच सम्राट यंत्राचा त्रिकोण उचलून राजवाड्यासमोर मांडला, तर त्याचा कर्ण ध्रुवाच्या वर, सूर्यबिंबाच्या जवळजवळ एका व्यासाइतका, चुकेल. जो दगड दुसऱ्या गावी चुकतो तोच आकाशासाठी घडविलेला दगड, अशी माझी कसोटी आहे. आणि ती लावायची खरी गरज उज्जैनला नसून नागपूरजवळ जुनापाणीला आहे. तेथे सुमारे ३०० महापाषाणकालीन शिलावर्तुळे पसरलेली आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अंमलदाराने १८७९ साली त्यांचा वृत्तान्त छापला, १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. ती मुख्यतः दफनस्थाने आहेत. परंतु काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले असल्यामुळे त्यांत आकाशाच्या दिशा शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे.

मोह समजण्याजोगा आहे, पण हिशेब करून पाहावा. चार मुख्य दिशा, अयनान्तांचे चार उदयास्त आणि चंद्र क्षितिजावर उत्तर-दक्षिणेस जेथवर सरकतो त्या सीमांचे आठ, अशी १६ लक्ष्ये धरली आणि प्रत्येकाला दोन्हीकडे दोन-दोन अंशांची सूट दिली, तर क्षितिजाचे ६४ अंश त्यांनीच व्यापले जातात. म्हणजे वीस दगडांच्या वर्तुळात, ते कसेही मांडलेले असोत, मध्यावरून पाहता सरासरीने तीन-चार दगड कशाकडे तरी बोट दाखविणारच. एका वर्तुळात सापडलेली एक रेषा म्हणूनच काहीच सिद्ध करीत नाही; तीच दिशा पुष्कळ वर्तुळांत पुन्हा पुन्हा यावी लागते, आणि अक्षांशाप्रमाणे बदलावी लागते. दीर्घतम दिवशीचा सूर्य राजवाड्यावरून पाहता पूर्वेपासून उत्तरेस साडेपंचवीस अंशांवर उगवतो, तर इंग्लंडातील स्टोनहेंजला जवळजवळ चाळीस अंशांवर.

इंदूरकरांना अक्षांशाच्या या कसोटीचा निम्मा प्रयोग घरबसल्या करता येईल. जूनच्या ६ तारखेच्या सुमारास, ढग आडवे आले नाहीत तर, दुपारी १२ वाजून २५ मिनिटांनी राजवाड्यासमोर एक काठी ओळंब्याने उभी धरा. तिला सावली पडणार नाही.