बराकीतून उभी राहिलेली पेठ

सातारा-सांगलीचे आपण कापडवाले ठोक माल भरायला गांधीनगरला जातो, पण त्या जागेची हकीकत थोड्यांनाच ठाऊक आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे 1943 मध्ये पोलिश निर्वासितांसाठी कौलारू बराकी उभारल्या गेल्या. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बरीचशी लढाईवर गेलेल्या सैनिकांची बायकामुले. 1948 पर्यंत छावणी उठली. रिकाम्या बराकीत फाळणीने उखडलेले सिंधी आले आणि हळूहळू त्यांनी कापडाचा धंदा जमवला. पुढे 1954 च्या कायद्याने सरकारी घरे निर्वासितांना मालकीने देण्याची, मागे राहिलेल्या मिळकतीचा मोबदला किमतीत वळता करण्याची सोय झाली. धंद्यात याचे मोल मोठे. भाड्याच्या गाळ्यावर उधारी मिळते ती ओळखीने. मालकीच्या घरावर बँक कर्ज देते. आमच्या वडिलांनी जन्मभर भाडे भरले, पावती कधी मागितली नाही. गाळा सोडताना हाती एकही कागद नव्हता.