म्हातारपणाची मदत: कुठलं काम कुठल्या टेबलावर

आगरदांड्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की खाडीपलीकडे दिघी दिसते. पण दिघी श्रीवर्धन तालुक्यात, आगरदांडा मुरूडमध्ये. लेक दिघीला दिलेली असली, तरी आगरदांड्याला राहणाऱ्या आईचे कागद मुरूडलाच जातात.

घरातल्या वृद्धांसाठी सरकारी मदत बरीच आहे, पण ती एका खिडकीवर मिळत नाही. यातलं बरंचसं शेवटी घरापर्यंत येतं. पहिला हेलपाटा मात्र कुणीतरी धडधाकट माणसाने घालावा लागतो.

पैसे : तहसील. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असेल, तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत नाव घालता येतं. जुलै 2023पासून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर त्यातला काही भाग केंद्राच्या योजनेतून येतो. हातात पडणारी रक्कम तेवढीच. वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा पुरावा, आधार आणि पासबुक लागतं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत द्यायचा. पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजुरी मिळूनही गाडी तिथेच अडते. पुढे हयातीचा दाखला वेळच्या वेळी दिला नाही, तर चालू पैसेही थांबतात.

पैसे हातात : पोस्टमन. बँकेपर्यंत जाणं झेपत नसेल, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र घेऊन पोस्टमन घरी येतो. आधारला जोडलेलं खातं कुठल्याही बँकेचं असलं तरी अंगठा लावून पैसे देतो. अडचण अंगठ्याचीच असते. जन्मभर मासळी साफ केलेल्या, मिठात हात घातलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र दोन-तीनदा नकार देतं. तेव्हा हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून पाहावं. तरीही जमेना, तर आधार केंद्रावर ठसे नव्याने घ्यावेत.

धान्य : रेशन दुकान. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य असतं, आणि जानेवारी 2023पासून ते फुकट आहे. एकट्या वृद्धाला दुकानात जाता येत नसेल, तर त्याच्या वतीने धान्य उचलणाऱ्या माणसाची नोंद करता येते. दुकानदाराकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत तशी मागणी करावी.

तब्येत : आशाताई. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहणं हे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांचं काम धरलेलं आहे. पण घरात असं माणूस आहे, हे त्यांना कळलं पाहिजे. ते आशाताईंच्या कानावर घालावं. सत्तरीपुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही. मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी, रोजच्या बीपीच्या गोळ्यांना नाही.

मुलं बघत नाहीत : प्रांत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यानुसार आईवडील प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहखर्च मागू शकतात, महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत. वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि तो शब्दाला जागला नाही, तर ते बक्षीसपत्रही रद्द करून मागता येतं. कुठे जावं हेच कळत नसेल, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फोन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो.

आंघोळ घालणं, दोन घास भरवणं, रात्री उठवून बसवणं, यासाठी रोज घरी येणारं माणूस मात्र यातली एकही योजना देत नाही. ते सुनेवर, शेजारणीवर किंवा पैसे मोजून ठेवलेल्या बाईवरच येतं. म्हणून निदान कागदाची कामं तरी तुंबू देऊ नयेत. आधारचे ठसे, खात्याची जोडणी, मोबाईल नंबर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं माणूस हिंडतं-फिरतं असताना, पासष्टी गाठायच्या आधीच करून ठेवावं. अंथरूण धरल्यावर त्याच माणसाला गाडीत घालून मुरूडला न्यावं लागतं.