प्रेअरीवरचं टोपडं

एप्रिल उजाडला की घरात सुट्टीला आलेल्या चिमुकल्यांमागे एकच धोशा सुरू होतो, 'अगं, टोपी घाल!' बाजारातली कॅप मात्र कपाळापुरतीच सावली देते. कान उघडे, मान उघडी, आणि दोन वर्षांच्या पोरीने मान झटकली की कॅप जमिनीवर! यावर एक जुनं, घरगुती आणि जवळपास फुकट पडणारं उत्तर आहे. ते आपल्याकडचं नाही, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतलं आहे. नाव सनबॉनेट.

'कॉटेजकोअर'वाल्या रील्समध्ये लांब फ्रॉक, गव्हाचं शेत आणि डोक्यावर झालरीचं टोपडं घातलेल्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. तेच हे. फक्त मूळचं सनबॉनेट फोटोसाठी नव्हतं, कामासाठी होतं. १८४० ते १८६० या दशकांत हजारो कुटुंबं ओरेगॉन ट्रेलने पश्चिमेकडे निघाली. जवळपास ३,२०० किलोमीटरचा प्रवास, चार-सहा महिने, आणि गाडीत सामान भरलेलं असल्यामुळे बरेच जण पायीच. झाडं नसलेल्या त्या गवताळ माळावर, म्हणजे प्रेअरीवर, बाईमाणसाने आणि लेकरांनी आपली सावली डोक्यावरच न्यायची, एवढा साधा हिशोब.

एका टोपीत तीन युक्त्या

सनबॉनेटचे भाग तीन. पुढे चेहऱ्याभोवती ताठ काठ, मागे केस सामावणारा चुण्यांचा घेर आणि मानेवर लोंबणारा पडदा. काठ ताठ ठेवायला तेव्हाच्या बायका खळ करत, दोन कापडांच्या मध्ये सुती दोऱ्या घालून ओळीने शिवत, नाहीतर पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या पातळ पट्ट्या सरकवत. धुवायच्या वेळी पट्ट्या काढायच्या, वाळल्यावर परत घालायच्या. कापड बहुतेक वेळा साधं छापील सुती, म्हणजे कॅलिको. आणि हा 'कॅलिको' शब्द आला कुठून? आपल्या कालिकतहून! तिथून युरोपात जाणाऱ्या सुती कापडाला बंदराचंच नाव चिकटलं. पुढे अमेरिकन गिरण्या स्वतःचं कापड छापायला लागल्या, तरी नाव तेच राहिलं.

चला, शिवूया

दोन-तीन वर्षांच्या मुलीसाठी अर्धा मीटर सुती कापड भरपूर होतं. विणलेलं घट्ट, पण वजनाला हलकं घ्या. कापण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात टोपडं आक्रसेल. खालची मापं ढोबळ आहेत. मुलीच्या एका कानाखालून डोक्यावरून दुसऱ्या कानाखालपर्यंत टेप लावा आणि त्यानुसार काठाची लांबी ठरवा. सगळीकडे एक सेंटीमीटर माया वेगळी धरा.

काठ : ३८ सेंटीमीटर लांब, मध्ये ८ आणि गालांजवळ ५ सेंटीमीटर रुंद. असे दोन तुकडे कापडाचे आणि एक मांजरपाटाचा. कापडाच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवा, वर मांजरपाट ठेवा आणि बाहेरच्या कडेने टीप मारा. उलटवून इस्त्री करा. मग कडेला समांतर, बोटभर अंतरावर टिपांच्या ओळी मारत जा. जितक्या ओळी जास्त, तितका काठ ताठ. मशीन नसेल तर बारीक धावदोराही चालतो. सिंगरला शिलाई मशीनचं पेटंट मिळालं १८५१ मध्ये, त्याआधीची बहुतेक बॉनेट्स हातानेच शिवलेली होती!

घेर आणि पडदा : हा एकच तुकडा. ३६ सेंटीमीटर रुंद, ४० लांब, वरची बाजू अर्धगोल. खालचे १२ सेंटीमीटर म्हणजे मानेवरचा पडदा. त्याच्या तिन्ही कडा दुमडून शिवा. पडदा जिथे सुरू होतो तिथे आतून कापडाची पट्टी लावून नेफा करा. उरलेल्या गोलाईवर लांब टाक्यांच्या दोन ओळी घाला, दोरे ओढून चुण्या पाडा आणि हा घेर काठाच्या आतल्या कडेला जोडा. चुण्या डोक्याच्या वरच्या भागात जास्त, कानांकडे कमी. आतली शिवण पट्टीने झाका, म्हणजे टोचणार नाही. घेराला अस्तर लावू नका, एकेरी कापडातून हवा खेळते.

नेफा : जुन्या बॉनेट्समध्ये इथे नाडी असायची. ती सोडली की टोपडं सपाट होऊन इस्त्री करता यायची. लहान मुलीसाठी नाडीऐवजी मऊ इलॅस्टिक घाला आणि दोन्ही टोकं शिवून टाका.

बंद : हनुवटीखाली गाठ मारायचे बंद फोटोत गोड दिसतात, पण घसरगुंडीत किंवा झुल्यात अडकले तर गळ्याला फास बसू शकतो. मुलांच्या कपड्यांतल्या अशाच नाड्यांबद्दल अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. म्हणून बंद आखूड ठेवा आणि गाठीऐवजी वेल्क्रोचा छोटा तुकडा लावा. ओढ बसली की आपोआप सुटेल. आणि झोपताना टोपडं काढायचंच.

गालांजवळ काठ अरुंद का, तर जुन्या खोल बॉनेट्सची एक मोठी अडचण होती. बाजूचं दिसायचं नाही आणि ऐकूही कमी यायचं. घोड्याच्या डोळ्यांवरच्या झापडांसारखंच. रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या पिल्लाला तसं झाकणं धोक्याचं आहे.

ऊन नको की रंग नको?

इथे गोष्ट शिवणाच्या पलीकडे जाते. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'लिटिल हाउस' मालिकेतली छोटी लॉरा सनबॉनेट सतत पाठीवर लोंबतं ठेवते आणि आई तिला सतत टोकते. आईची काळजी फक्त उन्हाची नाही, पोरी मूलनिवासींसारख्या रापलेल्या दिसतील ही आहे. तेव्हाच्या गोऱ्या अमेरिकेत उजळ कातडी म्हणजे घरंदाजपणा आणि रापलेला चेहरा म्हणजे उन्हातली मजुरी. याच पुस्तकांतल्या मूलनिवासींच्या आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्काराचं वाइल्डरच्या नावाने असलेलं नाव बदललं.

पण तेच टोपडं दुसऱ्या डोक्यांवरही होतं. १९३०च्या दशकात डोरोथिया लँगने टिपलेल्या फोटोंमध्ये कापसाच्या शेतात राबणाऱ्या बायका सनबॉनेट घालून दिसतात. त्यांना गोरं दिसायचं नव्हतं, दिवसभर उन्हात टिकायचं होतं.

हे सगळं आपल्याला परकं वाटतं का? मी ताईच्या अडीच वर्षांच्या लेकीसाठी पिवळ्या छिटाचं टोपडं शिवलं, तेव्हा शेजारच्या काकूंची पहिली प्रतिक्रिया होती, 'बरं केलंस गं, काळवंडणार नाही.' काकू प्रेमानेच बोलल्या. माझ्या लहानपणीही हे वाक्य प्रेमानेच बोललं जायचं आणि दुपारी अंगणात भाऊ खेळायचा, मी खिडकीत बसायचे. भाची ते 'काळवंडणं' ऐकत होती. शब्द कळला नसेल, सूर नक्की कळला असणार. मी काकूंना म्हटलं, 'काळवंडू दे हो काकू, चक्कर येऊन पडायला नको, एवढंच.' काकू हसल्या. ताई मात्र हसली नाही, तिने मान हलवली.

लहान मुलांची त्वचा नाजूक असते, रंग कुठलाही असो. ऊन सगळ्यांनाच बाधतं. त्यामुळे भर दुपारी टोपडं घालूनही बाहेर नकोच, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात न्यायचंच नाही. पण सकाळ-संध्याकाळचं अंगण, बाग, गावाकडची नदी? तिथे तिला जाऊ द्यायचं, म्हणून तर टोपडं.

एक जुनी चादर, दोन दुपारी आणि आजीचा शिवणाचा डबा एवढ्यावर हे काम होतं. आधी चादरीवर करून बघा, मग चांगलं कापड कापा. आजी जवळ असेल तर तिलाच बसवा सोबत. कानटोपी आणि कुंची शिवलेल्या हातांना चुण्या कशा पाडायच्या ते व्हिडिओपेक्षा बरं सांगता येतं. आणि टोपडं डोक्यावर चढवताना कारण मात्र नीट सांगा. 'काळी होशील' नाही. 'चल, खेळायला जाऊ.'