जेलला चुंबक पेलेल का?

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची जाळी. काहींच्या वजनात नव्वद टक्के पाणीच असते. प्रागमध्ये ओटो विख्तरले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० साली असे जेल शरीरासाठी सुचवले, त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. अशा जेलमध्ये लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळले की तार नाही, बॅटरी नाही, बाहेरच्या चुंबकाने ते वाकते, सरकते. हे बुडापेस्टच्या मिक्लोश झ्रीनी यांनी १९९०च्या दशकातच दाखवले होते. मग शरीरात हलणारी अशी जेलची यंत्रे दवाखान्यात का दिसत नाहीत? चुंबकत्व अपुरे पडते, हे उत्तर चटकन सुचते. पण खरा अडसर चिवटपणाचा आहे. चुंबक ओढतो कणांना, ती ओढ सोसायची जाळीने. शिवाय जाळीला न जोडलेले कण गुठळ्या करतात आणि तडा तिथूनच सुरू होतो. चायना ग्रासच्या वडीत लोखंडाचा कीस घालून ती चुंबकाने उचलू पाहण्यासारखेच ते.

चिवट जेलची वाट २००३ साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांनी दाखवली: एकात एक गुंतलेल्या दोन जाळ्या, एक ठिसूळ, एक लवचीक. ठिसूळ जाळी तुटताना ऊर्जा खाते, लवचीक जाळी आकार सांभाळते. पण त्या ठिसूळ जाळीतले रासायनिक बंध एकदा तुटले की तुटले. हजारो वेळा वाकणाऱ्या यंत्राला हे परवडत नाही. म्हणून हार्वर्डमधील झिगांग सुओ यांच्या गटाचे २०१२चे जेल मला अधिक मोलाचे वाटते. त्यात अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमने जोडलेल्या असतात; हे बंध सुटतात आणि बऱ्याच अंशी पुन्हा जुळतात, अर्थात त्याला ऊब आणि वेळ लागतो. ते वीसपटीहून अधिक ताणले जाते. ते फाडायला प्रति चौरस मीटर सुमारे ९००० जूल लागतात, कूर्चेला साधारण १०००. कण बांधायचे तर अशा जाळीला.

सिलिकॉन रबर असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. तो पोकळ नाही. श्टुटगार्टमधील मेटिन सिट्टी यांच्या गटाचा २०१८चा ३.७ मिलिमीटरचा चालणारा, पोहणारा रोबो रबराचाच होता. रक्तवाहिनीत सरकवायच्या तारेला तर घर्षण कमी करणारा हायड्रोजेलचा पातळ थर पुरतो. पण औषध झिरपू द्यायचे, पेशी जगवायच्या, तर सबंध अंगच पाणीदार हवे. नियोडिमियमचे कण जोरदार असले तरी पाण्यात गंजतात. लोहाचे ऑक्साइड टिकते, पण त्याची ओढ कमी. म्हणजे कण वाढवा, आणि भार पुन्हा जाळीवर. त्यात अंतर वाढताच चुंबकाचा जोर झपाट्याने घटतो, तेव्हा पोटात खोलवर कण कमी करण्याची सोयही उरत नाही.